सातारकर असून कासला गाईड घेतला, ४/५

आधीच सांगतो, मी सातारचाच, त्यामुळे कासला, आमच्या त्या फुलांच्या पठारावर, पैसे देऊन गाईड घ्यायचा म्हटल्यावर घरात सगळे हसले. लहानपणी आम्ही एका स्कूटरवर तिघं बसून यवतेश्वरचा घाट चढायचो, तलावावर भेळ खायची, येताना पठारावर फुलांत लोळून फोटो काढायचे की घरी. तिकीट नाही, कोण अडवायचं नाही. (ते फोटो आता बघवत नाहीत, मागं अख्खा तेरडा चेंगरलेला दिसतोय.) यावेळी पुण्याहून वहिनी आल्या होत्या, त्यांनी हट्टच धरला म्हणून इथल्याच एका छोट्या ग्रुपचा वॉक बुक केला. नाव टाकत नाही, कारण खाली थोडं वाईट पण लिहिलंय. माणशी ९०० रुपये, त्यात गाडी, नाश्ता, गाईड. पठाराची प्रवेश फी वेगळी द्यायची, हे मात्र गाडीत बसल्यावर कळलं.

सुरुवातच बोंबलली. सहाला पोवई नाक्यावर या म्हणाले आणि गाडी आली पावणेसातला. पोहे गार. चहा फक्कड होता म्हणून गप्प बसलो.

पण गाईड! पठाराजवळच्याच गावातला, पंचविशीचा पोरगा. उतरल्या उतरल्या म्हणाला, "फुलं नंतर बघा, आधी पाय कुठं ठेवताय ते बघा." मग आम्हाला रस्त्याकडेच्या एका ओल्या कातळाजवळ उकिडवं बसवलं आणि हातात भिंग दिलं. जांभ्यावर जेमतेम चार बोटं माती, त्यात दवबिंदूचं रोप, करंगळीएवढं. पानांवर लाल लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात चिलट अडकलेलं, त्याचा एक पाय अजून हलत होता. वहिनी ओरडल्याच, "अहो, हे खातंय त्याला!" तर तो म्हणाला, इथल्या मातीत खायला काय नाही ताई, पाऊस सगळं धुऊन नेतो, मग झाडानं करायचं काय, किडे खायचे. शेजारीच सीतेची आसवं, ती जांभळी निळी फुलं ज्यांचे आपण वर्षानुवर्षं फोटो काढतो, ती पण त्यातलीच, फक्त तिचे सापळे खाली ओल्या मातीत असतात, बारीक पिशव्यांसारखे, म्हणून दिसत नाहीत. चाळीस वर्षं मी तिथं जातोय आणि हे मला माहीत नव्हतं.

आमच्यातल्या एका काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, एवढी जागा मोकळी पडलीय, झाडं का लावत नाही कोण? पोरगं हसलं नाही, नीट सांगितलं. ही मोकळी जागा नाही, हा सडा, म्हणजे कातळाचं पठार. पावसाळ्यात डबकं, उन्हाळ्यात तवा. त्यात जगणारी झाडं वेगळीच, वायतुरा तर साताऱ्याच्या नावानंच ओळखला जातो, शास्त्रीय नावात सातारेन्सिस आहे. बाहेरची झाडं आणून इथं सावली केली की सडा मेलाच म्हणायचा. जंगल बघायचं तर कडेनं खाली उतारावर बघा, ज्याच्यावरनं कास नाव पडलं म्हणतात ते कासाचं झाड तिथंच आहे. आणि या पठारावर पडलेलं पाणीच तलावात जातं, तिथनं आपल्या साताऱ्याच्या नळाला. काका गप्प.

मला सगळ्यात आवडली ती कुंपणाची गोष्ट. २०१२ ला पश्चिम घाटातल्या ३९ जागा युनेस्कोच्या यादीत गेल्या, महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली, राधानगरी. नाव झालं तशी गर्दी वाढली आणि फुलं वाचवायची म्हणून पठाराला तारेचं कुंपण पडलं. माणसं थांबली, पण गुरं पण थांबली. आमच्या गाईडचा आजा तिथंच म्हशी चारायचा. म्हशी गवत खायच्या, खुरानं जमीन उकरायच्या, शेण पडायचं, आणि बारक्या फुलांना जागा मिळायची. कुंपणानंतर गवत माजलं, फुलं कमी दिसायला लागली अशी ओरड सुरू झाली आणि शेवटी कुंपण काढलं. आता सगळा दोष कुंपणाचाच, हे मला पटायचंय अजून, पाऊस पण बेभरवशाचा झालाय. पण "आमचा आजा चुकीचा नव्हता," हे तो ज्या आवाजात बोलला ते लक्षात राहिलं. सीझनला तिकीट, पार्किंग, पठारावरची राखण हे सगळं आसपासच्या गावांच्या समितीतली पोरंच बघतात, त्यातलाच हा पण एक.

टोपली कारवी नुसती हिरवी होती, ती सात वर्षांनी फुलते, त्याचा राग ग्रुपवर काढू नका. मिकी माऊस म्हणतात तो कवला मात्र भरपूर.

आता राग. पठारावरच्या राजमार्ग नावाच्या वाटेनं कुमुदिनी तळ्यापर्यंत नेणार असं बुकिंगला सांगितलं होतं, पण साडेदहाला ड्रायव्हरचे फोन सुरू, दुसरी बॅच उचलायचीय म्हणून, आणि आम्ही अर्ध्यातनं मागं. गाईडचा चेहरा पडला होता, त्याची चूक नव्हती. सकाळी पाऊण तास तुम्ही खाल्ला तो आमच्या तळ्यातनं का कापायचा?

वहिनींना तळं राहिल्याचं काहीच वाटलं नाही, त्या अजून चिलटाबद्दलच बोलतायत. जाणार असाल तर शनिवार रविवार टाळा आणि स्वतःचं भिंग घेऊन जा, पंधरा माणसांत त्यांच्याकडं दोनच होती आणि त्यातलं एक काका सोडत नव्हते.