स्टेजबॉक्सची मऊ केबल : आठ महिने वापरल्यावर

सांगलीत माझं साउंडचं काम आहे. भावे नाट्यमंदिरातले प्रयोग, लग्नातले ऑर्केस्ट्रा, कीर्तनं आणि चैत्र-वैशाखात तासगाव-जतकडच्या जत्रा. डिजिटल मिक्सर घेतला तेव्हा स्टेजपासून मिक्सरपर्यंतचा मनगटाएवढा जाड स्नेक, म्हणजे प्रत्येक माइकच्या वेगळ्या तारेचा जुडगा, गेला आणि त्याच्या जागी मिक्सरपासून स्टेजबॉक्सपर्यंत, म्हणजे स्टेजवर माइक जोडायच्या पेटीपर्यंत, करंगळीहून बारीक नेटवर्क केबल आली. एईएस५० मध्ये, म्हणजे या केबलवरून डिजिटल आवाज नेण्याच्या पद्धतीत, ४८ चॅनल स्टेजकडून येतात, ४८ मिक्सरकडून जातात. सोय मोठी, पण अख्खा कार्यक्रम त्या एका केबलवर. व्हिडिओ अडकला तर थांबून पुन्हा चालू होतो. इथं हरवलेला तुकडा परत मागवायची सोयच नाही. तो खंड मांडवातल्या प्रत्येकाला ऐकू जातो.

पहिली केबल मी ऑफिसच्या भिंतीतून नेतात तसली घेतली होती. आठही तारा एकसंध तांब्याच्या. रोज सोडायची, रोज गुंडाळायची. तांबं वाकवून वाकवून कडक होतं आणि एक दिवस आतल्या आत तुटतं, वरून काहीच दिसत नाही. शिवाय भेंडोळ्याचा आकार ती सोडत नाही. जमिनीवर जागोजाग कमानी उभ्या राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडकतो. गेल्या वर्षी एका जत्रेत गवळण रंगात आलेली असताना दोन सेकंद सगळा आवाज गेला. बुवांनी टाळ थांबवला नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग ऑनलाइन एक चपटी, रेशमासारखी मऊ केबल मागवली. आत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम निघालं, आणि शिल्ड, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं वेष्टन, नव्हतंच. थंडीतल्या कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत आलेल्या कुणी स्टेजबॉक्सला हात लावला की चटका बसायचा आणि आवाज क्षणभर तुटायचा. अंगातली ती स्थिर वीज शिल्डमधून निघून गेली पाहिजे. म्हणूनच या कामाला शिल्ड असलेली केबल आणि दोन्ही टोकांना धातूचा इथरकॉन, म्हणजे प्लगभोवतीचं मजबूत कवच, लागतो, शिल्ड त्या धातूला जोडलेलं.

जानेवारीत घेतली ती तिसरी, ५० मीटर, साध्या केबलच्या जवळजवळ चौपट दरात. तारांची जाडी २६ गेज, प्रत्येक तारेत सात बारीक तारा, तारांच्या जोड्यांवर फॉइल, त्यावर तांब्याची जाळी आणि बाहेरून पॉलियुरेथेनचं आवरण. पहिल्याच दिवशी माझ्याबरोबरचा पोरगा म्हणाला, "दादा, ही दोरीगत पडती की!" खरंच तशी पडते. पहाटे तीनला गार हवेत पीव्हीसीची केबल कडक होते, ही तशी होत नाही. जत्रेत तिच्यावरून खुर्च्यांची चळत ओढली, चिखलात पडली, ओल्या फडक्यानं पुसली, पुन्हा गुंडाळली. पन्नासेक कार्यक्रम झाले, आवाज एकदाही तुटला नाही.

मे महिन्यात स्टेजकडचं टोक सैल वाटलं म्हणून मीटरभर कापून नवा प्लग दाबून बसवला. कापलेला तुकडा उभा चिरून पाहिला. टोकाजवळ फॉइलला भेगा पडून त्याचे तुकडे झाले होते, जाळी मात्र अखंड होती. नुसत्या फॉइलवर विसंबलो असतो तर शिल्ड तिथंच संपलं असतं. वाकवायची केबल घेताना जाळी आहे का, एवढं तरी विचाराच.

त्रासही आहे. हे आवरण इतकं चिवट की सोलायला साधं स्ट्रिपर पुरत नाही, आणि घाईत ब्लेड जाळीत घुसतं. आरजे४५ चा, म्हणजे नेटवर्क केबलचा, प्लग बारीक तारांसाठी बनवलेलाच घ्यावा लागतो. एकसंध तारेच्या प्लगचे दात इथं नीट धरत नाहीत, आणि दिव्यांचा स्वस्त टेस्टर तरीही सगळे दिवे हिरवे दाखवतो. मी आता मल्टिमीटरनं एका टोकाच्या कवचापासून दुसऱ्यापर्यंत शिल्ड तपासतो आणि केबल जोडलेली असताना टोकं हलवून पाहतो.

अंतराचं गणितही वेगळं. बारीक तारांची केबल एकसंध तारेपेक्षा सिग्नल जास्त खाते. इमारतीच्या वायरिंगमध्येही १०० मीटरपैकी ९० एकसंध आणि जेमतेम १० मऊ असा हिशोब असतो, तो याचसाठी. म्हणून ७५ मीटर मिळत असूनही मी ५० वरच थांबलो. मोठ्या मैदानावर मिक्सर थोडा पुढं घेतो. आयोजक कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

गुंडाळताना एक वेढा सरळ, एक उलटा. कोपरावर गुंडाळली की पीळ बसतो आणि आतल्या जोड्यांची वीण बिघडते. नव्या पोरांना मी आधी हेच शिकवतो, फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्ट्या, नंतर.

गणपतीआधी अशीच दुसरी मागवली आहे. ती हिच्या शेजारी टाकून ठेवणार, म्हणजे मध्येच काही झालं तरी प्लग बदलण्याइतकाच वेळ जाईल.