टाळी वाजवून दाखवली की भुलू नका

भांडुपला एलबीएस मार्गाच्या आतल्या अंगाला, इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा आम्ही दोघा पार्टनरनी रेकॉर्डिंग स्टुडिओसाठी भाड्याने घेतला. घरचे बघायला आले तेव्हा म्हणाले, ही खोली आहे की फाटका पतंग? मागून नाला जातो म्हणून मागची भिंत तिरकी. एक कोपरा कापलेला, त्यामुळे भिंती पाच. छप्पर एका टोकाला २० फूट, दुसऱ्या टोकाला १२. पण जागा ९०० चौरस फूट! तबला, पेटी, कोरस सगळे एकत्र बसून वाजवतील एवढी खोली मुंबईत आम्हाला परवडणाऱ्या भाड्यात दुसरीकडे कुठे मिळणार होती?

आवाजाच्या कामासाठी ओळखीतून एक जण आला. कार्डावर ‘अकूस्टिक कन्सल्टंट’. आत शिरल्या शिरल्या त्याने एक टाळी वाजवली, डोळे मिटले आणि म्हणाला, “दादा, इको आहे. टेन्शन घेऊ नका, आठवड्यात मारतो. आणि वाकडी खोली म्हणजे लॉटरीच, बेस साचतच नाही.” माइक नाही, लॅपटॉप नाही, मोजायची टेपसुद्धा आमचीच. तीन दिवसांनी २२ पानांचा रिपोर्ट आला, पानोपानी रंगीत ग्राफ. आम्ही दिपलो. साडेसहा लाखांचं कोटेशन, ७० टक्के आगाऊ. “बिल कशाला, १८ टक्के जीएसटी वाचेल,” हेही ऐकलं. तो मोह आमचा, ते खापर त्याच्यावर फोडत नाही.

आठवड्यात भिंतीभर पिरॅमिड फोम चिकटला. कोपऱ्यांत खर्ज शोषायचे, काळ्या कापडातले उंच ‘बेस ट्रॅप’ उभे राहिले, बिलाशिवायच्या कागदावर ‘रॉकवूल, ४८ डेन्सिटी’, म्हणजे घनमीटरला ४८ किलो वजनाची दगडी लोकर. मग त्याने मला मधोमध उभं करून टाळी वाजवायला लावली. आवाज जागच्या जागी विझला. त्याने मोबाइलवर शूटिंग केलं, आम्ही उरलेले पैसे दिले, पेढेही दिले.

पहिल्याच रेकॉर्डिंगला तबलजी काकांनी हेडफोन काढून ठेवला. “अरे, हा डग्गा आहे की पाण्याचं पिंप?” गाणारीचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा, आणि खाली नुसता घुमारा.

हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. टाळीत खर्ज, म्हणजे बेस, जवळजवळ नसतोच, आणि इंचभर फोम खातो तो वरचाच आवाज. म्हणजे परीक्षा त्यानेच काढली, पेपरही त्यालाच सोपा. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या सुराची लहर साधारण ११ फूट लांब. तिला इंचभर फोम आडवा आला काय, न आला काय. वाकड्या भिंतींचं त्याचं बोलणंही अर्धंच खरं. समोरासमोरच्या भिंतींत होणारी आवाजाची फडफड त्याने कमी होते, खर्ज मात्र साचायचा तिथे साचतोच. फक्त कुठे, ते साध्या हिशेबाने सांगता येत नाही, मोजावंच लागतं.

नंतर पार्टनरने खोलीत आवाज किती वेळात विरतो याचं, वॉलेस सॅबिन या अमेरिकन शास्त्रज्ञाचं शंभर वर्षांहून जुनं सूत्र घेऊन हिशेब केला. आमची खोली ४०० घनमीटरच्या आसपास. आवाज ०.६ सेकंदात विरायला हवा असेल तर पूर्ण शोषणारा साधारण १०७ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. इंचभर फोम खर्जात जेमतेम दहावा हिस्सा शोषतो. १०० चौरस मीटर लावला तरी काम दहा चौरस मीटरचं.

मग एक ट्रॅप उसवला. वरची लादी ४ फूट बाय २ फूट, २ इंच जाड. ४८ डेन्सिटीची असती तर पावणेदोन किलोच्या आसपास भरली असती. शेजारच्या गाळ्यातल्या स्क्रूवाल्याच्या काट्यावर ठेवली: ८५० ग्रॅम. काटा बिघडला असेल म्हणून पुन्हा ठेवली. मागचा थर काढला तर थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला. अशा वेळी राग यायच्या आधी हसू येतं, का ते माहीत नाही.

फोमचा तुकडा बाहेर नेऊन लायटर लावला. ‘फायर रिटार्डंट’ म्हणे! भसकन पेटला, जळते थेंब खालच्या पेपरवर टपकले, काळ्या धुराने ठसका लागला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबात भिंतीवरच्या असल्याच फोमने आतषबाजीतून पेट घेतला आणि १०० माणसं गेली. आमच्या खोलीला दार एकच. फोम त्याच रात्री खरवडला. निम्मं प्लॅस्टर त्याच्यासोबत आलं.

रिपोर्ट तेव्हा कुठे नीट वाचला. नवव्या पानावर खोलीचं माप होतं: ३० बाय २० बाय १०. भिंती चार.

फोन तो उचलत नाही. चौकीत म्हणाले, दिवाणी मामला आहे. वकिलाने विचारलं, बिल कुठाय? ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार सहसा टिकत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतला हे दाखवावं लागतं, आणि त्यालाही कागद हवाच.

गेल्या महिन्यात विरारच्या एका मित्राने व्हिडिओ पाठवला. त्याच्याकडे कोटेशन घेऊन आलेल्या माणसाने ‘आमचं काम बघा’ म्हणून दिलेला. तिरकी भिंत, काळे कोपरे, मधोमध एक जण खूश होऊन टाळी वाजवतोय. तो मी.