टॉरीची बीटा टेस्टिंग करायचीय पण मशीन एकच आहे: विंडोज, मॅक की लिनक्स?

टॉरी म्हणजे वेब पानांच्या कोडातून डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन. माझं मत आधीच सांगतो, चॉइस असेल तर लिनक्स घ्या.

का ते बघा. इलेक्ट्रॉन हे तसंच दुसरं साधन स्वतःचं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) सोबत घेऊन फिरतं, त्यामुळे ॲप सगळीकडे साधारण सारखंच दिसतं. टॉरी मात्र ओएसमध्ये असलेलाच वेबव्ह्यू (ॲपमध्ये वेब पान दाखवणारा भाग) वापरतं: विंडोजवर वेबव्ह्यू२ म्हणजे क्रोमियमच, मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू आणि लिनक्सवर वेबकिटजीटीके, हे दोन्ही वेबकिट इंजिनावरचे. म्हणजे कोड एक लिहायचा आणि तो चालणार तीन वेगवेगळ्या वेबव्ह्यूंवर, बीटात सगळ्यात जास्त तपासायचं असतं ते हेच.

विंडोजवर सुरुवात सोपी आहे. सी++ बिल्ड टूल्सचं (कोडातून ॲप तयार करायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या साधनांचं) भलंमोठं डाउनलोड एकदा सहन करा, विंडोज ११ मध्ये वेबव्ह्यू२ आधीच असतो आणि तो आपोआप अपडेट होतो. पण म्हणूनच बहुतेकांकडे जवळपास एकच व्हर्जन असतं आणि तुम्हाला सापडलेला बग आधीच कुणीतरी नोंदवलेला असण्याची शक्यता जास्त. तिथे टेस्ट करणार असाल तर युजर फोल्डरचं नाव मराठीत ठेवून, मध्ये स्पेस देऊन, प्रोजेक्ट खोल फोल्डरात टाकून बघा, २६० अक्षरांची पाथची जुनी मर्यादा अशा वेळी आडवी येते.

मॅक असेल तर तो वाया घालवू नका, कारण ॲपची आपोआप टेस्ट घेणारा टॉरी-ड्रायव्हर डेस्कटॉपवर फक्त विंडोज आणि लिनक्सला चालतो, मॅकवर बटणं बहुतेकदा माणसानेच दाबून बघावी लागतात. शिवाय वेबव्ह्यू मॅकओएससोबतच अपडेट होतो, त्यामुळे अपडेट बंद झालेल्या जुन्या मॅकवरचा रिपोर्ट खरंच कामाचा. फक्त यासाठी नवीन मॅक मात्र घेऊ नका.

आता लिनक्स. इथे प्रत्येक डिस्ट्रोचं (उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराचं) वेबकिट वेगळं, स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या यंत्रणांत वेलँड वेगळं, एक्स११ वेगळं, काही ग्राफिक्स ड्रायव्हरवर विंडो उघडते ती नुसती पांढरी, मग डीएमएबफ रेंडरर (वेबकिटची ग्राफिक्स दाखवायची एक पद्धत) बंद करून परत चालवायचं आणि फरक पडला की नाही ते रिपोर्टमध्ये लिहायचं. टॉरी २.० ने वेबकिटजीटीकेची ४.१ शाखा घेतली, ती उबुंटू २२.०४ मध्ये मिळते, २४.०४ मधून तर जुनी ४.० काढूनच टाकलीय, त्यामुळे १.x वरचे प्रोजेक्ट तिथे अडतात. फाइलनावांचंही तसंच, माझ्या कोडमध्ये लोगोच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि डिस्कवर स्मॉल, विंडोजवर महिनाभर काही कळलं नाही, लिनक्सवर पहिल्याच रनला चित्र गायब. ही एवढी विविधता टेस्ट करायला कोअर टीमकडे मशीनं कुठून येणार, म्हणून तुमचा साधा जुना लॅपटॉपसुद्धा मोलाचा आहे.

मराठी लोकांनी एक टेस्ट नक्की करावी, कुठल्याही ओएसवर. पानाची भाषा मराठी सेट करा, नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट लावा आणि "शाळा", "लिंबू", "दऱ्या" असे शब्द टाका. श आणि ल मराठी वळणाचे येतात का, ऱ्य नीट जुळतं का, ते झूम करून बघा. चुकलं तर तेच पान विंडोजवर एजमध्ये, मॅकवर सफारीत, लिनक्सवर एपिफनीत (वेबकिटवरच चालणाऱ्या ब्राउझरमध्ये) उघडा. तिथेही चुकत असेल तर दोष बहुतेक इंजिनाचा किंवा फॉन्टचा, टॉरीचा नाही. तिथे बरोबर आणि ॲपमध्ये चूक असेल तर स्क्रीनशॉट आणि "कार्गो टॉरी इन्फो" कमांडचं पूर्ण आउटपुट लावून टॉरीकडे इश्यू टाका.