आठ महिने वही-पेन्सिल: तलावावरच्या फोटोंच्या नोंदी

धान कापणीला आलं तेव्हा, ऑक्टोबरात, एक शंभर पानी वही घेतली आणि पाखरांच्या फोटोंसाठी कॅमेरा घेऊन तलावावर केलेली प्रत्येक फेरी तिच्यात लिहायची असं ठरवलं. आता जून लागलाय. वहीत 57 नोंदी झाल्या, त्यातल्या 21 फेऱ्यांत एकही ठेवण्यासारखा फोटो मिळाला नाही. या 21 नोंदींनीच मला सगळ्यात जास्त शिकवलं.

सुरुवातीचे दोन आठवडे मी शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ उतरवत बसलो. फुकटची मेहनत! ते सगळं फोटोच्या एक्सिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोसोबत साठवतो त्या माहितीत, आपोआप असतंच. आता कॅमेऱ्याला कळत नाही तेवढंच लिहितो: वारा कुठून, मी कोणत्या काठावर, धुकं किती, आसपास माणसांची-गुरांची वर्दळ, पाखरं काय करत होती आणि फोटो बिघडला तर कशामुळे. फोटोत बगळा जास्त उजेडाने पांढरा फक्क जळाला, तर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) शून्य होतं एवढं एक्सिफ सांगतं. ते उणे एक ठेवायला हवं होतं, हे माझं मलाच लिहावं लागतं. आणि लिहायचं ते तलावावरच, बॅग भरायच्या आधी. घरी येऊन चहा झाला की वाऱ्याची दिशा हमखास चुकते.

जानेवारीची एक नोंद जशीच्या तशी देतो: 'दाट धुकं, साडेसातपर्यंत काही नाही. वारा ईशान्येचा, हलका. पट्टकादंब 40च्या आसपास. उठले, सगळे पाठमोरे. मी पश्चिम काठावर.'

अशा पाच-सहा नोंदी एका रविवारी सलग वाचल्या आणि कारण सापडलं. हंस-बदकांसारखी जड पाखरं (पट्टकादंब हा हंसच) वाऱ्याकडे तोंड करून उठतात. आमच्याकडे हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येचा. मी मात्र गाडी जाते म्हणून पश्चिमेला उभा राहायचो, म्हणजे ऊन माझ्या डोळ्यांत आणि पाखरांच्या शेपट्या माझ्याकडे. आता बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे धानशेतांच्या बांधांवरून, वीस मिनिटं चालून पूर्वेच्या काठाला जातो. ऊनही पाठीशी, वाराही पाठीशी. फेब्रुवारीत चक्रवाकाची जोडी समोरून, डोळ्यात उजेडाचा ठिपका घेऊन आली. तीन हिवाळे मी त्याच फोटोसाठी धडपडत होतो.

दुसरं कोडं आठवड्यातल्या वाराचं. रिकाम्या 21 फेऱ्यांपैकी 9 मंगळवारच्या निघाल्या. मंगळवारी आमच्या गावचा बाजार. तलावावरच्या ढीवर काकांना विचारलं तर म्हणाले, "बाजाराच्या दिवशी पहाटेच जाळं टाकतो ना भाऊ, पाखरं तेव्हाच उठून जाते." आता मंगळवारी जातच नाही. ती 21 पानं कोरी ठेवली असती तर हे कधी कळलंच नसतं.

सारसाच्या नोंदीत तारीख आणि वागणूक लिहितो, बांधीचा पत्ता कधीच नाही. राज्यात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात, आणि पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच घरटं करतात. वही चार जणांच्या हाती जाते; कॅमेरे घेऊन माणसं धुऱ्यावर गोळा झाली तर जोडी अंडी सोडून उठते.

ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, यादी टाकतो ती वेगळी. तिथे पाखरांची संख्या आणि वेळ राहते, मी कुठे चुकलो ते राहत नाही.

वहीच्या अडचणीही आहेत. जेल पेनची शाई दवाने पसरली, नोव्हेंबरची चार पानं गेली, तेव्हापासून पेन्सिल. जुनी नोंद शोधायला पानं चाळत बसावं लागतं. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ तेरा मिनिटं पुढे आहे हे वहीतल्या वेळा जुळेनात तेव्हा कुठे लक्षात आलं. आता महिन्याच्या पहिल्या तारखेला ते मोबाइलशी लावून घेतो.

नवीन वही आणलीय. तिची शेवटची दहा पानं पाखरांच्या नावांसाठी राखून ठेवली आहेत, नावासमोर पान क्रमांक. मृग लागलाय, धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायची गडबड सुरू झाली, म्हणून तिला आधी प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.