सात पोर्टांचा यूएसबी-सी हब: वेग नेमका कुठे अडतो

हब (लॅपटॉपच्या एका पोर्टाचे अनेक पोर्ट करून देणारे उपकरण) लावल्यावर बाहेरची एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी वेगवान ड्राइव्ह, मंदावली, की सगळा दोष हबच्याच माथी मारला जातो. गेले काही महिने रोजच्या वापरात असलेल्या या हबबद्दल माझे मत असे, की तो दिलेला शब्द पाळतो; मात्र ग्राहकाला जे कळायला हवे, त्यातले बरेचसे खोक्यावर छापलेलेच नाही.

खोक्यावर सेकंदाला ५ गिगाबिटचा वेग लिहिला आहे (आठ बिट म्हणजे एक बाइट). मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करताना सेकंदाला ४०० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो, आणि ५ गिगाबिटच्या जोडणीकडून याहून फार अपेक्षा ठेवता येत नाही. हाच आकडा ४० च्या आसपास घुटमळू लागला, तर जोडणी यूएसबी २.० वर, म्हणजे ४८० मेगाबिटवर घसरली असण्याची दाट शक्यता असते, आणि अशा वेळी हब परत करण्याआधी एसएसडीची केबल बदलून पाहावी. फोनसोबत येणाऱ्या बऱ्याच सी-टू-सी केबलींमध्ये वेगवान डेटाच्या तारा मुळातच नसतात, पण वरून पाहून ते ओळखू येत नाही.

हबची स्वतःची खरी उणीव पोर्टांच्या मांडणीत आहे. वायरलेस माउसचा रिसीव्हर एसएसडीला खेटूनच लावावा लागतो, आणि कॉपी चालू झाली की पॉइंटर अडखळतो. त्यासाठी बॅटरी किंवा ड्रायव्हर बदलून उपयोग नाही, कारण यूएसबी ३.० च्या, म्हणजे ५ गिगाबिटच्या, जोडणीतून निघणारा विद्युत-गोंगाट असा माउस वापरतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे सविस्तर मांडले होते. रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशन केबलने हातभर दूर नेला की माउस सुरळीत चालतो. ती केबल सोबत द्यायला हवी होती.

एचडीएमआयवर ४के चित्र ३० हर्ट्झलाच, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच ताजे होऊन, मिळते, त्यामुळे खिडक्या सरकवताना संगणकच संथ झाल्यासारखा वाटतो. यामागे हिशेब आहे: सी-पोर्टातल्या चार वेगवान मार्गिकांपैकी दोन चित्राला आणि दोन डेटाला दिल्या आहेत. ज्यांना ६० हर्ट्झ आणि वेगवान एसएसडी दोन्ही हवे आहे, त्यांनी डिस्प्लेपोर्ट १.४ (तेवढ्याच मार्गिकांतून चित्राचा जास्त डेटा नेणारी पद्धत) चालणारा हब घ्यावा, पण त्याआधी आपल्या लॅपटॉपच्या पोर्टाला ते झेपते का, हे निर्मात्याच्या तपशिलात पाहून घ्यावे.