मॉन्टगोमेरीचे स्मारक: आधी संग्रहालय, मग स्तंभ

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे ‘इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह’ या नागरी हक्क संस्थेने २०१८ मध्ये उभारलेले स्मारक मी एका गोऱ्या सहकाऱ्यासोबत पाहिले. १८७७ ते १९५० या काळात झुंडींनी ठार मारलेल्या ४,४००हून अधिक कृष्णवर्णीयांची काउंटीवार (म्हणजे जिल्हावार) नोंद येथे ८००पेक्षा जास्त पोलादी स्तंभांवर केलेली आहे. सुरुवातीला हे स्तंभ डोळ्यांसमोर असतात, पण जमीन हळूहळू उतरत जाते आणि तेच स्तंभ डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. सहकाऱ्याने आपल्या काउंटीचा स्तंभ शोधला, त्यावरची नावे हळू आवाजात वाचली आणि आपल्या घरात याचा कधी उच्चारही झाला नाही, एवढेच तो म्हणाला. वंश हा फक्त कृष्णवर्णीयांचा प्रश्न आहे असे मानत आलेल्या माणसाला स्वतःचे गोरेपणही याच इतिहासाने घडवले आहे, ही जाणीव कोणत्याही कार्यशाळेपेक्षा ही जागा अधिक खोलवर करून देते, असे माझे ठाम मत आहे. (जात ही ‘त्यांची’ बाब समजणाऱ्या आपल्यातील अनेकांनीही येथे जरूर जावे.) याच संस्थेच्या शहरातील लेगसी म्युझियम या संग्रहालयात हत्यास्थळांची माती काचेच्या बरण्यांत ठेवली असून प्रत्येक बरणीवर मृताचे नाव आहे. तेथे घाई करू नये. संग्रहालय आधी पाहावे आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.