व्हीई ३०१: जर्मनीच्या घराघरात पोचलेला ७६ मार्कांचा रेडिओ

जुन्या रेडिओंच्या बाजारात 'फोल्क्सएम्प्फेंगर' (व्हीई), म्हणजे 'लोकांचा रेडिओ', अजूनही मिळतो, कारण तो लाखोंनी बनला होता. कुणी संग्रहासाठी घेणार असेल तर काय बघावं, ते पुढे सांगतोच. पण हा सेट नुसता सर्किट म्हणून तपासला तर अर्धाच कळतो. कमीत कमी सुट्या भागांत जास्तीत जास्त लोकांपर्यंत एकच आवाज पोचवायचा, यासाठीच तो घडवला होता.

'व्हीई ३०१' या नावातला आकडा ३० जानेवारीचा (३०-१) आहे, १९३३ साली हिटलर चॅन्सेलर झाला त्या दिवसाचा. ऑगस्ट १९३३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यानं तो लोकांसमोर आणला. सर्किट ओटो ग्रीसिंगचं, कॅबिनेट वाल्टर मारिया केर्स्टिंगचं. २८ कंपन्यांनी एकाच नकाशावरून तो बनवला, त्यामुळे मागच्या बाजूला नाव कुठल्याही कंपनीचं असलं तरी आतला माल तोच. किंमत ७६ मार्क, कामगाराची साधारण दोन आठवड्यांची मजुरी. वर महिना २ मार्क परवाना फी. त्या काळातल्या इतर सेटांच्या मानानं हे फारच स्वस्त होतं, आणि माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात परिणामकारक भाग हाच. भाषण ऐकायची सक्ती करण्याआधी रेडिओ घरात यावा लागतो, आणि लोकांनी तो हौसेनं, स्वतःच्या पैशानं आणला. १९३३ मध्ये जर्मनीत ४३ लाखांच्या आसपास परवाने होते, १९३९ पर्यंत ते १ कोटीच्या पुढे गेले.

विजेवर चालणाऱ्या 'व्हीई ३०१ डब्ल्यू'मध्ये तीनच व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या): आरईएन ९०४, आरईएस १६४ आणि एसी विजेची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरचा आरजीएन ३५४. ट्यूनिंगचं सर्किट एकच. मीडियम आणि लाँग वेव्ह लागते, शॉर्टवेव्ह नाही. सुरुवातीच्या डायलवर स्टेशनांची नावं नाहीत, नुसते आकडे. या सेटवर परदेशी स्टेशन लागतच नसे, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं दिसतं, ते चूक आहे. रात्री, लांब अँटेना आणि चांगलं अर्थिंग असेल तर लागतं. फक्त त्यासाठी रिअ‍ॅक्शनचं बटण, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा आत फिरवून वाढवणारं बटण, अगदी काठावर आणावं लागतं. बटण हळूहळू फिरवत न्यायचं, आवाज फुगत जातो, आणि केसभर पुढे गेलं की सेट शिट्टी मारायला लागतो. अँटेनाकडचा सिग्नल आधी वाढवणारी वेगळी (आरएफ) पायरी नसल्यामुळे ही शिट्टी अँटेनातून बाहेरही पडते आणि त्याच जागी ट्यून केलेल्या शेजारच्या रेडिओत ऐकू येऊ शकते. उलट जवळचं दणकट सरकारी स्टेशन काहीही न करता घुमतं. सरळ वाटेनं गेलं की एकच आवाज, दुसरा ऐकायचा तर खटपट.

त्या खटपटीला पुढे शिक्षेची जोड मिळाली. १ सप्टेंबर १९३९ च्या हुकुमानं परदेशी स्टेशन ऐकणं हा गुन्हा ठरला आणि ऐकलेली बातमी पसरवणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकत होती. रेडिओच्या बटणाला अडकवायची एक पुठ्ठ्याची चिठ्ठी निघाली, मधोमध भोक पाडलेली. परदेशी स्टेशन ऐकणं हा राष्ट्राच्या सुरक्षेविरुद्धचा गुन्हा आहे, असं तिच्यावर छापलेलं. जागा किती नेमकी निवडली बघा. स्टेशन बदलायला बोट पुढे गेलं की आधी भीतीला हात लागणार. त्याच महिन्यात ज्यूंचे रेडिओ जप्त झाले. लोकांच्या रेडिओतले 'लोक' कोण, ते तिथं उघड झालं.

गोबेल्सला नुसती भाषणं पुरणार नाहीत हे पक्कं ठाऊक होतं. मार्च १९३३ मध्येच त्यानं रेडिओच्या अधिकाऱ्यांना बजावलं होतं की काहीही करा, कंटाळवाणं करू नका. म्हणून संगीत भरपूर, पुढे फर्माइशी गाण्यांचे कार्यक्रम, आणि मधेच भाषण. मोठ्या भाषणाला कारखान्यातलं काम थांबवून सगळ्यांना एकत्र ऐकवत. १० नोव्हेंबर १९३३ ला सीमेन्सच्या कारखान्यातून झालेलं हिटलरचं भाषण देशभर असंच ऐकवलं गेलं. घरात एकटा माणूस रेडिओ बंद करू शकतो. शंभर सहकाऱ्यांमध्ये उभा असला की कानाइतकंच लक्ष आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे जातं.

तरीही या डब्याला जादूची कांडी समजू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की १९३३ पूर्वी, रेडिओ नाझींच्या हातात नसताना, त्यानं त्यांच्या मतांची वाढ रोखली होती. सत्ता आल्यावर चित्र उलटलं. पण जिथं ज्यूद्वेष जुना आणि मुरलेला, तिथंच प्रचार चांगला रुजला. जिथं तो फारसा नव्हता, तिथं प्रचाराचा उलटा परिणाम झाला. प्रचारावर बोलताना आपण सगळं श्रेय बोलणाऱ्याला देतो, जमीन तपासतच नाही, हे मला फार खटकतं.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. सेट मिळाल्याबरोबर प्लग लावू नका. आधी आतली व्होल्टेजची जोडणी बघा. ती ११० वर असेल आणि आपले २३० दिले तर ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह दोन्ही जातील. कागदी कपॅसिटर हमखास गळके निघतात, ते सरसकट बदला. पहिल्यांदा चालू करताना ४० ते ६० वॉटचा साधा बल्ब मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये ठेवा. बल्ब पूर्ण तेजानं पेटून राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे. स्पीकरची कॉइल मीटरवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. या स्पीकरच्या कॉइलमधून आउटपुट व्हॉल्व्हचा करंट थेट वाहतो, त्यामुळे ती बऱ्याचदा तुटलेली असते. आवाज चिरका येत असेल तर चुंबकाच्या फटीतली लोखंडी पट्टी गंजलेली किंवा सरकलेली असते. सगळं जमलं तर आकाशवाणीचं मीडियम वेव्हवर चालू असलेलं जवळचं स्टेशन यावर ऐकता येईल.

१९३८ चा ३५ मार्कांचा धाकटा 'डीकेई' (जर्मन छोटा रेडिओ) स्वस्तात मिळाला तरी नवख्यानं घेऊ नये. त्यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नाही, चॅसिसवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, थेट वीज येऊ शकते. सेट मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय मागचं झाकण काढून हात घालणं जिवावर बेतेल. लोक त्याला 'गोबेल्सचं थोबाड' म्हणत.

डायलजवळचा गरुड आणि नाझी चिन्ह अनेक सेटांवर खरवडून काढलेलं दिसतं. ज्यांनी ते त्या काळात काढलं त्यांची कारणं त्यांना ठाऊक. आज मात्र शाबूत असेल तर खरवडू नका आणि झाकूही नका. बटणाची चिठ्ठी मूळ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर कागद नीट तपासा, नकलाही विकल्या जातात. नक्कल निघाली तरी ती बटणालाच अडकवून ठेवा, म्हणजे सेट बघायला येणाऱ्याचा हात आधी तिच्यावर पडेल.